किल्ली कुणाच्या हातात, नाव कुणाचं कागदावर?

(लग्नानंतर किंवा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या मुली, त्यांच्या आया आणि कार्यकर्त्या यांच्यासाठी घेतलेल्या एकदिवसीय शिबिरातील भाषणाचा मजकूर.)

मैत्रिणींनो,

शिबिराच्या पत्रकावर ‘परदेशात गाडी चालवण्याची कागदपत्रं आणि विमा’ हा विषय वाचून काहीजणींनी विचारलं, की हा ट्रॅव्हल एजंटचा विषय आपल्याकडे कसा आला? आपण हुंड्यावर बोलतो, मारहाणीवर बोलतो, वारसाहक्कावर बोलतो. त्यात गाडीचं लायसन्स कुठून आलं?

उत्तर सरळ आहे. अमेरिकेतल्या बहुतेक उपनगरांत घराच्या कोपऱ्यावर वाण्याचं दुकान नसतं, हात केला की थांबणारी रिक्षा नसते, आणि बसही अनेक ठिकाणी नसते. दूध आणायचं, मुलाला दवाखान्यात न्यायचं, वाचनालयात जायचं, कुणा मैत्रिणीकडे जाऊन मन मोकळं करायचं, तर गाडी लागते. तिथे गेलेल्या मुलीला गाडी चालवता येत नसेल, किंवा येत असूनही कागद नसतील, तर तिचं प्रत्येक बाहेर पडणं नवऱ्याच्या सवडीवर आणि मर्जीवर राहतं. नवरा चांगला असला तर ती नुसती परावलंबी होते. तो तसा नसला तर त्या घराला कुलूप लावावंच लागत नाही.

परदेशस्थ नवऱ्यांच्या विवाहांतल्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून वेगळा कक्ष आहे. पण कक्षाकडे पत्र जाण्याआधी त्या मुलीला घराबाहेर पडता आलं पाहिजे. म्हणून हा विषय आपला आहे.

गाडी चालवणं ही सत्तेची गोष्ट आहे हे सौदी अरेबियातल्या बायकांनी जगाला दाखवून दिलं. ६ नोव्हेंबर १९९० रोजी रियाधमध्ये ४७ जणींनी गाड्या चालवल्या. दुसऱ्या देशांत मिळवलेली लायसन्सं त्यांच्यातल्या चालवणाऱ्यांकडे होती. गाडी येत नव्हती असं नाही, कागद नव्हता असंही नाही. तरी त्यांना पकडलं, अनेकींचे पासपोर्ट काढून घेतले, नोकरीतून निलंबित केलं, आणि तोवर प्रथेनं चालत आलेली बंदी सरकारनं अधिकृत केली. ती उठायला २४ जून २०१८ उजाडावा लागला. त्याच्या काही दिवस आधी ज्या पहिल्या दहा बायकांना सौदी लायसन्स मिळालं, त्यांनी आपली परदेशी लायसन्सं बदलून ते घेतलं होतं. आणि ज्यांनी या हक्कासाठी वर्षानुवर्षं आवाज उठवला, त्यांच्यातल्या काहीजणी बंदी उठली त्या दिवशी तुरुंगात होत्या.

आपल्याकडून जाणाऱ्या मुलींवर असा कुठला फतवा नसतो. त्यांना अडवतं ते साधं काहीतरी: कागदावर त्यांचं नावच नसतं. आजच्या सगळ्या बोलण्यातून एकच गोष्ट लक्षात ठेवा. परदेशातल्या गाडीशी तीन कागद जोडलेले असतात – लायसन्स, मालकीची नोंद आणि विमा. या तिन्हींवर तुमचं नाव आहे की नाही, आणि असलं तर कोणत्या रकान्यात आहे, हे स्वतः बघायचं. ‘ते सगळं हे बघतात’ असं म्हणून सोडायचं नाही.

निघण्याआधी

पहिली गोष्ट, आपलं इथलं लायसन्स बाहेर काढा आणि नीट वाचा. पुण्या-नाशिककडच्या कितीतरी मुली रोज स्कूटर चालवतात. त्यांच्या लायसन्सवर फक्त बिनगिअरच्या दुचाकीची नोंद असते. अशा लायसन्सवर परदेशात मोटार चालवता येत नाही, कारण ज्या वाहनाची परवानगी इथे आहे त्याचीच तिथे धरली जाते. तेव्हा मोटारीचं लायसन्स इथेच काढा. कच्चं लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. म्हणजे लग्नाची तारीख ठरली की हॉल आणि साडी यांच्या बरोबरीनं ही तारीखही ठरवावी लागेल. परीक्षा खरोखर द्या. एजंटानं आणून दिलेल्या लायसन्सवर तिथल्या महामार्गावर गाडी हाकता येत नाही.

दुसरी गोष्ट नावाची, आणि इथे आपल्या रीतीचा फार त्रास होतो. लायसन्सवर माहेरचं नाव, मधे वडिलांचं. पासपोर्टवर सासरचं आडनाव, मधे नवऱ्याचं. दहावीच्या प्रमाणपत्रावर तिसरंच. काही घरांत तर मुलीचं पाळण्यातलं नावही बदलतात. परदेशातल्या खिडकीमागच्या कारकुनाच्या दृष्टीनं या तीन वेगवेगळ्या बाया असतात. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे अशी कायद्यानं सक्ती नाही. माहेरचं नाव ठेवायचं तर सगळीकडे तेच ठेवा. बदलायचं तर पासपोर्ट, लायसन्स, आधार सगळीकडे बदला आणि मग निघा. पासपोर्टवर अक्षरं जशी आहेत तशीच लायसन्सवर हवीत.

तिसरी गोष्ट, आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट. हे आरटीओत मिळतं. अर्ज ‘सारथी’ या सरकारी संकेतस्थळावर करता येतो. नमुना ४-अ भरायचा, सोबत चालू लायसन्स आणि पासपोर्ट लागतो. केंद्रीय नियमांप्रमाणे शुल्क १००० रुपये आहे. १९४९ च्या जिनिव्हा कराराखाली हे परमिट दिलं जातं आणि एक वर्ष चालतं. मूळ लायसन्सची मुदत त्याआधी संपत असेल तर परमिटही तेव्हाच संपतं. म्हणून मुदत जवळ आली असेल तर आधी नूतनीकरण करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून तसा अर्ज करता येतो.

परमिट म्हणजे काय आणि काय नाही, हे समजून घ्या. ते स्वतंत्र लायसन्स नाही. तुमच्या लायसन्सचा अनेक भाषांतला, ओळखीच्या नमुन्यातला तो उतारा आहे. मूळ लायसन्स जवळ नसेल तर एकट्या परमिटला किंमत नाही. आणि पाच वर्षांचं, दहा वर्षांचं ‘इंटरनॅशनल लायसन्स’ विकणाऱ्या जाहिराती दिसल्या तर पुढे जा. जिनिव्हा कराराचं परमिट एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचं नसतं.

चौथी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. आरटीओतून आपल्या लायसन्सचा अधिकृत उतारा मागून घ्या. आपण पहिल्यांदा लायसन्स कधी घेतलं ते त्यातून सिद्ध होतं. कॅनडातल्या ओंटारिओसारख्या प्रांतात जुना अनुभव मोजून घ्यायला मूळ कार्यालयाचं असं पत्र मागतात. अनुभव सिद्ध झाला नाही तर दहा वर्षं गाडी चालवलेली बाईसुद्धा नवशिकी ठरते. परीक्षेसाठी थांबावं लागतं आणि विम्याचा हप्ताही नवशिक्याचा पडतो.

पाहुणी की रहिवासी?

तिथे पोचल्यावर पहिला प्रश्न हा. लेकीच्या बाळंतपणाला गेलेली आई पाहुणी असते. पाहुणीला अनेक ठिकाणी इथलं लायसन्स आणि परमिट यांवर गाडी चालवता येते. पण नांदायला किंवा नोकरीला गेलेली मुलगी रहिवासी ठरते, आणि रहिवासी झालं की घड्याळ सुरू होतं. कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यापासून १० दिवसांत तिथलं लायसन्स घ्यावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये ३० दिवस मिळतात, टेक्ससमध्ये ९०. ब्रिटनमध्ये इथलं पक्कं लायसन्स रहिवासी झाल्यापासून १२ महिने चालतं. नंतर तिथलं कच्चं लायसन्स काढून लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. दुबईकडे रहिवासी व्हिसा लागला की तिथलंच लायसन्स हवं. ‘परमिट वर्षाचं आहे ना, मग वर्षभर बघू’ हा हिशोब म्हणूनच चुकतो. परमिटची मुदत वेगळी आणि त्या देशानं दिलेली सवलत वेगळी.

आता तिथलं लायसन्स काढायला गेलं की पत्त्याचे पुरावे मागतात. अमेरिकेत साधारणपणे दोन लागतात. घराचा भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, विजेचं बिल त्याच्या नावावर, बँकेचं खातं त्याचं. त्या घरात राहणाऱ्या बाईकडे ती तिथे राहते याचा एकही कागद नसतो! म्हणून पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी मागून घ्या: भाडेकरारात आपलं नाव, एका बिलावर आपलं नाव, आणि बँकेत आपलं नाव असलेलं खातं. विवाह नोंदणीचा दाखला इंग्रजीत जवळ ठेवा. काही राज्यांत नवऱ्याच्या नावाचा पुरावा आणि हा दाखला मिळून काम होतं.

एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरदाराची बायको म्हणून जाणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण. काम करायची परवानगी नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, आणि लायसन्सच्या अर्जात तो विचारतात. पण नंबर नाही म्हणजे लायसन्स नाही, असं नाही. सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात जाऊन ‘ही व्यक्ती नंबराला पात्र नाही’ असं पत्र घ्यायचं. अनेक राज्यांत त्या पत्रावर काम होतं. ‘तुला नंबरच नाही, मग लायसन्स कुठून मिळणार’ असं कुणी घरात सांगितलं तर ते खरं धरून बसू नका. या व्हिसावरच्या काही बायकांना २६ मे २०१५ पासून काम करायची परवानगी मागता येते. ती मिळाली की नंबरही मिळतो.

हेही ध्यानात ठेवा, की अशा लायसन्सची मुदत तिथे राहायच्या परवानगीच्या मुदतीइतकीच असते, आणि तुमची परवानगी नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेली असते. त्याच्या मुदतवाढीचा अर्ज कधी करायचा ही तारीख तुमच्याही वहीत असली पाहिजे. राहायच्या परवान्याचा घोळ झालेल्या बाईलाही सगळे दरवाजे बंद होत नाहीत. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात २०१५ पासून तो परवाना न बघता वेगळ्या प्रकारचं लायसन्स मिळतं.

विम्याची भाषा

विमा हा शब्द आला की बायका मागे सरतात. सरू नका. गाडीचा सक्तीचा विमा आपल्यालाही नवा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे इथेही थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. पण इथली पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. जादा हप्ता भरून ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांपर्यंत वाढवता येते, त्यापलीकडे नाही. आणि इथून काढून नेलेला प्रवासविमा मुख्यतः तुमच्या आजारपणाचा. तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर तो कामाला येत नाही.

तिथल्या सक्तीच्या विम्यात काय असतं ते एका उदाहरणानं बघू. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून किमान विमा असा: एका माणसाच्या इजेसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांच्या इजेसाठी मिळून ६०,००० डॉलर, मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५,००० डॉलर. आधी हे आकडे १५, ३० आणि ५ हजार होते. हे सगळं समोरच्यासाठी. तुमच्या गाडीची दुरुस्ती आणि तुमच्या गाडीतल्यांचा औषधोपचार यासाठी पॉलिसीत वेगळी कलमं घ्यावी लागतात. आणि तिथल्या इस्पितळाचं बिल ज्यानं पाहिलं आहे तो सांगेल, की ३०,००० डॉलर ही मोठी रक्कम नाही. वरचा खर्च स्वतःच्या अंगावर येतो.

आता पॉलिसीचं पहिलं पान उघडा. त्यावर गाडी कोणती, विमा किती आणि माणसं कोण हे लिहिलेलं असतं. माणसांची तीन प्रकारे नोंद होऊ शकते. एक, मूळ विमेदार. पॉलिसी बदलायचा, थांबवायचा, कागद मागायचा अधिकार त्याचा. दुसरी, नाव घातलेला ड्रायव्हर. त्याला गाडी चालवायचं संरक्षण आहे, पण पॉलिसीवर हक्क नाही. आणि तिसरी, वगळलेला ड्रायव्हर. हप्ता कमी व्हावा म्हणून घरातल्या एखाद्या माणसाला सही करून वगळायची सोय अनेक राज्यांत आहे. वगळलेल्या माणसानं गाडी चालवली आणि अपघात झाला, तर कंपनी सहसा हात वर करते. नवशिक्या बायकोला वगळून हप्ता वाचवणं नवऱ्याला सोयीचं वाटू शकतं. तिला त्याचा पत्ताही नसतो, आणि अडीअडचणीला ती किल्ली उचलून निघते. म्हणून विचारा, माझं नाव कुठल्या रकान्यात आहे? उत्तर ऐकून थांबू नका, पान बघा.

ब्रिटनमध्ये याचीच दुसरी बाजू दिसते. रोज गाडी चालवते बायको, पण हप्ता कमी यावा म्हणून मुख्य ड्रायव्हर म्हणून नवऱ्याचं नाव. तिथे ही फसवणूक धरली जाते आणि दावा फेटाळला जाऊ शकतो. विम्याशिवाय गाडी चालवताना सापडलं तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ गुण. परीक्षा पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ६ गुण झाले की लायसन्सच रद्द होतं आणि पुन्हा कच्च्यापासून सुरुवात करावी लागते. काटकसर दोघांची आणि लायसन्स जातं तिचं.

अपघात न केल्याबद्दल हप्त्यात सूट मिळते, ती कुणाची? आपल्याकडे पहिल्या वर्षी २० टक्के आणि वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. ही सूट गाडीची नसते, विमेदाराची असते. घरातली गाडी दहा वर्षं तुम्ही चालवली, एकदाही दावा केला नाही, पण पॉलिसी नवऱ्याच्या नावावर असेल तर ती सगळी पुण्याई त्याच्या खात्यावर. गाडी तुमच्या नावावर असेल तर निघताना विमा कंपनीकडून तसं पत्र घ्या. परदेशातल्या काही कंपन्या ते मानतात, काही मानत नाहीत; विचारायला पैसे पडत नाहीत.

युरोपीय न्यायालयानं २०११ साली निकाल दिल्यावर २१ डिसेंबर २०१२ पासून युरोपीय संघात बाई की पुरुष हे बघून विम्याचा हप्ता ठरवता येत नाही. कॅलिफोर्नियातही २०१९ पासून गाडीच्या विम्याला असाच नियम आहे. आता बघतात ती तुमची नोंद. पण नोंद व्हायला आधी नाव हवं.

मालकीच्या कागदाबद्दल एक बारीक पण मोलाची गोष्ट. कॅलिफोर्नियात गाडी दोघांच्या नावावर घेतली आणि दोन नावांमध्ये ‘आणि’ असेल तर विकायला दोघांच्या सह्या लागतात. ‘किंवा’ असेल तर एकाच्या सहीनं गाडी विकता येते. एका शब्दावर दारातली गाडी राहते किंवा जाते.

भाड्याची गाडी घेतली तरी नियम तोच. करारावर ज्याचं नाव, त्यानंच चालवायची. ‘अर्धा रस्ता मी चालवते’ असं ठरवलं असेल तर जादा ड्रायव्हर म्हणून नाव घालून घ्या. नाहीतर करार मोडतो आणि विम्याचं संरक्षणही जाऊ शकतं.

हा विषय मोजक्या बायकांचा आहे का?

असं कुणी विचारेल, आणि विचारणं रास्त आहे. विमानात बसणाऱ्या मुली थोड्या, रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या बायका पुष्कळ. पण शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा प्रश्न हाच होता, की राबते बाई आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं? रेशनकार्ड, घराचा उतारा, बँकेचं पासबुक आणि परदेशातल्या गाडीची पॉलिसी ही एकाच माळेतली मणी आहेत. शिकलेली, इंग्रजी बोलणारी मुलगीसुद्धा ‘यांच्या’ कागदांच्या भरवशावर समुद्र ओलांडते, याचा अर्थ शिक्षणानं हा प्रश्न आपोआप सुटत नाही.

आणि दोष सगळा नवऱ्यांवर टाकून भागणार नाही. लेकीला पंचवीस तोळे घालणारे आईबाप तिच्या मोटारीच्या शिकवणीचा खर्च ‘तिकडे गेल्यावर जावई शिकवतील’ म्हणून टाळतात. सोनं लॉकरमध्ये राहतं. हातातली विद्या आणि पर्समधला कागद तिच्याबरोबर जातो.

म्हणून गटांना माझ्या तीन सूचना आहेत. विवाहपूर्व मार्गदर्शनात आपण रक्तगटाबद्दल बोलतो, तसं कागदांबद्दलही बोलू. मुलगी निघण्याआधी लायसन्स, परमिट, उतारा, पासपोर्ट, व्हिसा आणि विवाहाचा दाखला यांच्या झेरॉक्स प्रतींचा एक संच तिच्या आईकडे किंवा विश्वासाच्या मैत्रिणीकडे ठेवायला लावू. मूळ कागद मात्र तिच्याच ताब्यात, दुसऱ्याच्या कपाटात नाही. आणि ती जिथे जाणार तिथल्या स्त्री-संघटनेचा पत्ता तिला देऊ. न्यू जर्सीत ‘मानवी’ १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करते आहे, लंडनमध्ये ‘साऊथॉल ब्लॅक सिस्टर्स’ १९७९ पासून आहे.

आज दुपारच्या सत्रात आपण परमिटचा अर्ज प्रत्यक्ष भरून बघणार आहोत, आणि एका अमेरिकन पॉलिसीचं पहिलं पान फळ्यावर लिहून वाचणार आहोत. आलेल्या आयांनीही मागे बसू नये. अर्जात पहिला रकाना नावाचा आहे. तो प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं भरायचा आहे.